रिमोट स्टार्टर बसवताना इंजिन थांबवणाऱ्या वायरी आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वर्षभरापूर्वी तुम्ही नाशिकहून कॅनडात कॅल्गरीला आलात. २०१४ ची ऑटोमॅटिक कोरोला घेतलीत. हॉस्पिटलच्या सकाळच्या पाळीसाठी पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं, आणि गेल्या जानेवारीत काचेवरचा बर्फ खरवडताना एकदा अक्षरशः रडू आलं. मिस्टरांनी ऑनलाइन दीडशे डॉलरचं रिमोट स्टार्टरचं, म्हणजे लांबून बटण दाबून इंजिन सुरू करायचं, किट मागवलंय. ते नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत होते, त्यामुळे स्वतःच बसवू म्हणतात. बसवावं का? आणि असंच एक किट बाबांच्या स्विफ्टला पाठवलं तर चालेल का?

मी एकोणीस वर्षं याच शहरात हे काम करतोय. त्याआधी सांगलीत एका मिस्त्रींच्या हाताखाली गाड्यांचं वायरिंग शिकलो. रिमोट स्टार्टर जरूर बसवा. तुमच्यासारख्या अंधारात घर सोडणाऱ्या माणसाला इथे त्याचा खरा उपयोग आहे. ते किट मात्र परत पाठवा. बाबांच्या गाडीत तर अजिबात नको. का, ते आता सांगतो.

लोकांना वाटतं, किल्लीशिवाय इंजिन सुरू करणं हाच या कामातला अवघड भाग. जाणत्या माणसाला त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. उरलेले तीन तास जातात ते इंजिन कधी सुरू व्हायला नको आणि चालू असेल तर कधी लगेच थांबायला हवं, हे किटमधल्या मुख्य डब्याला समजेल अशा वायरी जोडण्यात. स्वस्त किटमध्ये नेमक्या याच वायरी नसतात. किंवा असतात, पण माहितीपत्रकात त्यांच्यापुढे ‘ऐच्छिक’ लिहिलेलं असतं.

पण वायरिंगच्या आधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर बोलतो, कारण ती वाचून मला काळजी वाटली. तुम्ही बेसमेंटमध्ये भाड्यानं राहता, आणि घरमालकांनी घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये एक जागा दिलीय. गाडी कधी तिथे असते, कधी बाहेर ड्राइव्हवेवर. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू राहिली, तर तो भिंतीतल्या फटींतून, दाराखालून घरात शिरतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. गॅरेजचं शटर उघडं ठेवलं म्हणजे झालं, असंही नाही. वारा उलटा असला की धूर आतच ढकलला जातो. रिमोटचं बटण भिंतीपलीकडून, पांघरुणातून, पर्समध्ये दाबलं जाऊनही काम करतं. फोनवरच्या ॲपला तर अंतराचं बंधनच नाही. म्हणून नियम एकच ठेवा: रिमोट स्टार्टर असलेली गाडी उघड्यावरच उभी राहील. कधी नाइलाजानं गॅरेजमध्ये ठेवावी लागली, तर व्हॅले मोड लावायचा. त्यानं रिमोटवरून इंजिन सुरू होणंच बंद होतं. ते कसं लावायचं, हे बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्या. आणि बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, त्याची मुदत संपली नाही ना, हे आज रात्रीच बघा. घरमालकांनाही ही गोष्ट सांगून ठेवा, त्यांचीही मुलं वरच झोपतात.

बाहेर उभ्या गाडीतही एक धोका असतो. रात्रभर बर्फ पडून सायलेन्सरचं तोंड बुजलं असेल, तर धूर गाडीखाली साठतो आणि आत येतो. बर्फ पडलेल्या पहाटे आधी खाली जाऊन मागचं तोंड मोकळं करा, मगच बटण दाबा.

आता थंडीचं. रिमोट स्टार्टर बसवला की गाडी थंडीत हमखास सुरू होणार, अशी अनेकांची समजूत असते. तो डबा फक्त किल्ली फिरवतो. बॅटरी दमलेली असेल तर किल्लीनं जे होतं तेच रिमोटनं होणार, फरक इतकाच की ते तुम्हाला खिडकीतून दिसेल. बॅटरीवर एक आकडा छापलेला असतो, सीसीए म्हणतात त्याला. उणे १८ अंशांना ती बॅटरी सलग ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते आणि तरी तिचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, याचं ते माप. हा आकडा नव्या बॅटरीचा. चार-पाच वर्षांच्या बॅटरीत त्यातलं बरंच संपलेलं असतं. वर थंडीत तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. देणारा कमजोर आणि मागणारा जड, अशी कोंडी होते. तुमच्या कोरोलात ०डब्ल्यू-२० तेल लागतं. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा आहे. कुणी स्वस्तात दुसरं काही भरलं तर पहिल्या कडाक्याला कळेल.

उणे २० च्या खाली पारा गेला की ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, लावा. पुढच्या जाळीतून लोंबणारी तीन पिनांची वायर पाहिली असेल, तीच. हीटर रात्रभर चालू ठेवायची गरज नाही. टायमर लावून निघण्याच्या दोन तास आधी सुरू झाला तरी पुरतो, विजेचं बिलही वाचतं. १३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. कडाका इतका होता की वीज जपून वापरा म्हणून आपल्या अल्बर्टा प्रांतभर सगळ्यांच्या मोबाइलवर आणीबाणीचा संदेश वाजला होता. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आलेल्या फोनपैकी बहुतेकांचं म्हणणं होतं, ‘रिमोट स्टार्टर बिघडला.’ बिघडला होता एकाचा. बाकीच्यांच्या बॅटऱ्या गेल्या होत्या.

इंजिन किती वेळ चालू ठेवायचं? दहा मिनिटं. फारच कडाका असेल तर पंधरा. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून तेलात मिसळतं. अर्धा-अर्धा तास उभ्या गाडीत इंजिन चालवण्यानं ना ते नीट तापतं, ना तेल टिकतं. काच मोकळी झाली की निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. डब्यात किती मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं हे ठरवता येतं. कंपनीकडून बहुतेक वेळा ते जास्त ठेवलेलं येतं, कमी करून घ्या.

आता मिस्टरांसाठी. त्यांना सोल्डरिंग येतं, मीटर येतो, म्हणजे निम्मी वाट चालून झाली आहे. पण गाडीचं वायरिंग म्हणजे टीव्हीचा बोर्ड नव्हे. इथे एका वायरीतून तीस अँपिअर जातात आणि शेजारच्या वायरीतून एअरबॅगला संदेश जातो.

स्टीअरिंगच्या खाली किल्लीच्या स्विचला जाणाऱ्या जाड वायरींचा एक प्लग असतो. रिमोट स्टार्टर या प्लगच्या वायरींवर किल्लीची नक्कल करतो. वायरींचे रंग इंटरनेटवर सापडतात, पण रंगावर कधी विसंबू नका. त्याच मॉडेलमध्ये वर्ष बदललं की रंग बदलतो. मीटरची काळी पिन गाडीच्या पत्र्याला घट्ट लावा, लाल पिन एकेका वायरीवर, आणि किल्ली फिरवत जा. किल्ली बाहेर काढूनही १२ व्होल्ट दाखवणारी वायर म्हणजे बॅटरीचा थेट पुरवठा. किल्ली ‘ऑन’वर नेली की १२ व्होल्ट येतात आणि सेल मारतानाही जात नाहीत, ती इग्निशन. ‘ऑन’वर येतात पण सेल मारताना क्षणभर गळून पडतात, ती ॲक्सेसरी. आणि बाकी सगळा वेळ शून्य, फक्त सेल मारताना १२, ती स्टार्टरची. सेल मारतानाचा क्षण इतका छोटा असतो की एकट्यानं हे बघता येत नाही, किल्ली फिरवायला दुसरं माणूस लागतं. तिथे तुम्ही बसा.

बऱ्याच गाड्यांत इग्निशनच्या किंवा ॲक्सेसरीच्या दोन-दोन वायरी असतात. त्यातली एक बहुधा ब्लोअरला जाते. ती जोडायची राहिली तर गाडी छान सुरू होते, डॅशबोर्डवर दिवे लागतात, पण हीटरचा पंखा फिरत नाही. ‘पंधरा मिनिटं गाडी चालू होती तरी आत बर्फच’ ही तक्रार आली, की मी आधी हीच वायर बघतो.

हे मोजायला मल्टीमीटरच वापरा. बल्बवाला टेस्ट लॅम्प नको. सांगलीत आम्ही सगळी कामं टेस्ट लॅम्पवर करायचो, त्या गाड्यांना चालायचं. आता त्या बल्बमधून जाणारा करंट गाडीच्या कॉम्प्युटरच्या वायरींना झेपत नाही. आणि पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या प्लगच्या वायरींना तर मीटरही लावायचा नाही. त्या एअरबॅगच्या. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं थांबायचं, जोड देताना ती काढलेलीच ठेवायची, आणि मोजताना पुन्हा जोडायची. कंटाळवाणं वाटलं तरी.

पुढची अडचण चिपची. १ सप्टेंबर २००७ पासून कॅनडात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. किल्लीच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते चिपशी बोलतं. ओळख पटली नाही तर इंजिन पेटत नाही, किंवा पेटून लगेच बंद पडतं. मग किल्लीशिवाय रिमोटनं कसं सुरू होणार?

तुमच्या किटचं माहितीपत्रक तुम्ही पाठवलंत, त्यात यावर जुना उपाय दिलाय. दुसरी किल्ली एका छोट्या डब्यात घालून डॅशबोर्डच्या मागे बांधून ठेवायची. हे करू नका. गाडीची खरी किल्ली कायमची गाडीतच राहिली, म्हणजे कंपनीनं दिलेलं संरक्षण आपण आपल्या हातानं काढून टाकलं. चोरांना ही जागा ठाऊक असते. शिवाय उद्या विमा कंपनीनं दोन्ही किल्ल्या मागितल्या तर काय दाखवणार?

आज याला डेटा बायपास मॉड्यूल वापरतात. ते गाडीच्या कॉम्प्युटरशी त्याच्याच भाषेत बोलून फक्त रिमोटच्या आदेशाच्या वेळी ओळख पटवून देतं. फॉर्टिन आणि आयडेटालिंक ही दोन नावं इथल्या प्रत्येक बसवणाऱ्याच्या तोंडी असतात, दोन्ही माँट्रियलची. असं मॉड्यूल कोऱ्या पाटीसारखं येतं. तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष, किल्लीचा प्रकार बघून त्यात सॉफ्टवेअर भरावं लागतं, आणि मग गाडीशी त्याची ओळख करून द्यावी लागते. टोयोटासाठी याच्यासोबत टी-हार्नेस मिळतं. किल्लीच्या स्विचचा प्लग काढायचा, मध्ये हे हार्नेस घालायचं, प्लग परत लावायचा. जाड वायरींपैकी एकही कापावी लागत नाही. मिस्टरांना स्वतःच करायचं असेल, तर याच मार्गानं. पैसे दुप्पट जातील. पण गाडी विकताना सगळं काढून मूळ वायरिंग जसंच्या तसं मिळेल, आणि चुकीची वायर कापण्याची भीतीच राहणार नाही.

आता ज्या वायरींसाठी एवढं लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो.

पहिली बॉनेटची. बॉनेट उघडं असताना इंजिन रिमोटनं सुरू होता कामा नये. त्यासाठी एक साधा पिनेचा स्विच बॉनेटखाली बसवतात. बॉनेट उघडलं की पिन वर येते, वायर पत्र्याला टेकते, डबा आदेश धुडकावतो. वीस मिनिटांचं काम, पण वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून आत आणावी लागते, म्हणून आळस केला जातो. मीही केलाय. इथे आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात, रांगेत सहा गाड्या उभ्या होत्या, त्या गिऱ्हाइकाला घाई होती, आणि मी तो स्विच न बसवता गाडी दिली. तीन आठवड्यांनी तो माणूस वॉशरचं पाणी भरायला बॉनेट उघडून वाकला होता. मागून त्याच्या लहान मुलीनं घरातल्या टेबलावरचं रिमोट खेळता खेळता दाबलं. पट्टा फिरला. त्याच्या हातमोज्याचं टोक ओढलं गेलं, हात निसटला, म्हणून वाचला. तो माझ्यावर ओरडला नाही. तो हातमोजा दुकानात आणून टेबलावर ठेवला आणि गेला. त्या दिवसापासून बॉनेटच्या स्विचशिवाय माझ्या हातून एकही गाडी गेलेली नाही. ज्या गाड्यांत कंपनीचाच स्विच असतो तिथे मी त्याचा संदेश मॉड्यूलमधून घेतो, पण बॉनेट उघडून, रिमोट दाबून, डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. इथल्या रस्त्यावरचं मीठ आणि खडी या पिनेला दोन-तीन वर्षांत गंजवते. तेव्हा दर हिवाळ्याच्या सुरुवातीला तुम्हीही ही चाचणी घ्या. बॉनेट उघडा, लांब उभ्या राहा, बटण दाबा. काहीही होता कामा नये.

दुसरी ब्रेकची. पॅडलच्या वरच्या स्विचपाशी एक वायर असते, ब्रेक दाबला की तिच्यात १२ व्होल्ट येतात. रिमोटनं सुरू झालेल्या गाडीत कुणी काच फोडून बसलं, तर त्याला गिअर टाकण्यासाठी ब्रेक दाबावाच लागतो, आणि किल्ली ‘ऑन’वर नसताना ब्रेक दाबला की इंजिन त्याच क्षणी बंद पडायला हवं. ही वायर नीट जोडलेली असली की रिमोटवर चालू असलेली गाडी पळवता येत नाही. तुम्ही स्वतः बसाल तेव्हा आधी किल्ली घालून ‘ऑन’पर्यंत फिरवायची, ‘स्टार्ट’पर्यंत नाही, आणि मग ब्रेकवर पाय. सवय होईपर्यंत दोन-चारदा गाडी बंद पडेल, घाबरू नका.

तिसरी इंजिनाच्या फेऱ्यांची, आम्ही टॅक म्हणतो. इंजिन पेटलं हे डब्याला कळलं नाही तर तो सेल मारतच राहील. स्वस्त किट बॅटरीचा व्होल्टेज बघून अंदाज बांधतं: व्होल्टेज चढला म्हणजे अल्टरनेटर फिरला, म्हणजे इंजिन पेटलं. जुलैत हा अंदाज बरोबर येतो. उणे २८ ला बॅटरी इतकी खाली बसते की अंदाज चुकतो. मग डबा एक तर लवकर सोडून देतो, नाहीतर पेटलेल्या इंजिनावर पुन्हा स्टार्टर मारतो. दात घासल्याचा तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. तुमच्या गाडीत फेऱ्यांची माहिती डेटा मॉड्यूलमधूनच मिळते, वेगळी वायर ओढावी लागत नाही. फक्त पहिल्यांदा इंजिन चालू ठेवून ती डब्याला शिकवावी लागते.

चौथी गोष्ट गिअरची. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर स्टार्टर फिरता कामा नये. तुमच्या गाडीत ही सोय मुळातच आहे. काही जुन्या अमेरिकन ट्रकमध्ये मात्र ही अडवणूक किल्लीच्या खोबणीतच यंत्रानं केलेली असते, आणि रिमोट तिला वळसा घालून जातो. त्या गाड्या गिअरमध्येच उडी मारू शकतात. म्हणून गाडी कोणतीही असो, मी मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, आत बसून, ब्रेकजवळ पाय ठेवून गिअर ‘डी’वर टाकतो आणि रिमोट दाबून बघतो. ही चाचणी मिस्टरांनी भिंतीसमोर घेऊ नये.

जोड कसे द्यायचे यावर माझं मत ठाम आहे. किटमध्ये निळ्या-लाल प्लॅस्टिकच्या चिमट्या असतात. वायर मध्ये घालायची, पक्कडीनं दाबायची, झाला जोड. त्या कचऱ्यात टाका. आतली पाती वायरीचे निम्मे तंतू कापते आणि उरलेल्यांवर टेकून राहते. थंडीत प्लॅस्टिक आणि तांबं वेगवेगळे आकसतात, पकड ढिली होते. इथे तर चिनूकचे, म्हणजे डोंगरांकडून येणारे उबदार, वारे आले की एका दिवसात पारा वीस-वीस अंश वर-खाली होतो, त्यात असा जोड किती टिकणार? मागच्या वर्षी एक बाई रात्रपाळी करून निघाल्या आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी किल्लीनंही सुरू होईना. टो करून माझ्याकडे आणली. आत अशाच अकरा चिमट्या होत्या. इग्निशनच्या वायरीवरची एक काळी पडून वितळली होती. कोणत्या दुकानानं बसवलं होतं ते मी विचारलं नाही, त्यानं त्यांची रात्र परत मिळणार नव्हती.

वायरीवरचं आवरण बोटभर सोला, तंतू मधून दोन भागांत फाकवा, नवी वायर त्या भोकातून ओवा, वळसे द्या, सोल्डर करा, वर कापडी टेप लावा. साधा काळा टेप इथल्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतो. अर्थिंग मूळ पत्र्यावर, रंग खरवडून, नटबोल्टखाली. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकला धरणाऱ्या स्क्रूखाली नव्हे. आणि फ्यूज सगळ्यात शेवटी घाला. सगळे जोड पूर्ण, टेप लावलेला, वायरी पॅडलपासून लांब बांधलेल्या, मगच. लोंबती वायर ब्रेक पॅडलमध्ये अडकली तर वर लिहिलेल्या सगळ्या काळजीवर पाणी पडेल.

दुकानात दिलंत तर साधारण पाचशे ते सातशे डॉलर जातील. फोनवरून चालणारं हवं असेल तर अधिक, आणि त्याचं वर्षाचं भाडं वेगळं. तुम्हाला ते लागणार नाही. खिडकीतून गाडी दिसते, तर साधा रिमोट पुरे. दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा. बॉनेटचा स्विच बसवणार का? दुसरी किल्ली मागणार का? टी-हार्नेस वापरणार की वायरी कापणार? पहिल्याला ‘गरज नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो, ठेवून घेऊ’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून बाहेर पडा.

वापरायच्या एकदोन सवयी. तुमच्या गाडीत हीटरची बटणं हातानं फिरवायची असतील, तर रात्री गाडी बंद करण्याआधीच झोत काचेवर, तापमान पूर्ण गरम, पंखा मध्यम असं ठेवून द्या. सकाळी डबा फक्त वीज देतो, बटणं फिरवत नाही. आणि वायपर बंद केल्याची खात्री करून मगच उतरा. वायपर चालू राहिला आणि त्याची पाती काचेला गोठून चिकटली, तर पहाटे वीज मिळताच मोटर जोर लावत राहते आणि जळते. दर हिवाळ्यात चार-पाच तरी येतात माझ्याकडे.

किल्ली लावून गाडी तापत ठेवायची आणि आपण घरात चहा प्यायचा, हे मात्र कधीच करू नका, एका मिनिटासाठीही नाही. इथले पोलीस दर थंडीत ‘ऑपरेशन कोल्ड स्टार्ट’ राबवतात. किल्ली आत असलेल्या, चालू, रिकाम्या गाड्या शोधत पहाटे गल्ल्यांतून फिरतात, कारण चोरही तेच शोधत फिरत असतात. नीट बसवलेला रिमोट स्टार्टर इथे उपयोगी पडतो: इंजिन चालू, दारं बंद, किल्ली तुमच्या पर्समध्ये.

आता बाबांची स्विफ्ट. तुम्ही लिहिलंय, गाडी हाताच्या गिअरची आहे आणि घरासमोरच्या उतारावर बाबा ती पहिल्या गिअरमध्ये ठेवतात. ही चांगली सवय आहे, मीही तशीच ठेवायचो. पण याच कारणासाठी त्या गाडीला रिमोट नको. गिअरमध्ये असलेल्या गाडीला स्टार्टरनं झटका दिला की गाडीच पुढे जाते. समोर कठडा असेल, स्कूटर असेल, नातू असेल. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल बसत नाही, पण किट बसवणारे नेमका तो स्विच बायपास करतात, नाहीतर त्यांचं रिमोट चालणार कसं?

हाताच्या गिअरसाठी खास बनवलेले चांगले डबेही असतात. त्यात गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू असतानाच किल्ली काढून उतरायचं, दार लावायचं, मग डबा इंजिन बंद करतो. इतक्या क्रमानं केलं तरच पुढच्या वेळी रिमोट चालतो, आणि मध्ये कुणी दार उघडलं तर परवानगी रद्द. पद्धत विचार करून बनवलेली आहे. पण ती पूर्णपणे हँडब्रेकच्या केबलवर आणि माणसाच्या रोजच्या शिस्तीवर उभी आहे. सत्तरीतल्या माणसाची चाळीस वर्षांची गिअर टाकायची सवय मोडायला लावून, वर ताणलेल्या केबलवर उतारावरची गाडी सोडायची, हे मला पटत नाही. बाबांना त्रास उन्हाचा आहे ना? मग मे महिन्यात गाडी सावलीत लावायला सांगा, पुढच्या काचेला पडदा घ्या, आणि निघताना चारही काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या. मग एसी लावला तरी गाडी लवकर थंड होते.

तुमचं काम मात्र आताच उरकून घ्या. सप्टेंबर संपत आला की दुकानांत नंबर लागायला लागतात, आणि पहिला बर्फ पडल्यावर तीन-तीन आठवडे थांबावं लागतं. जाल तेव्हा आधी बॅटरी तपासून घ्या. ती कमजोर निघाली आणि पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर या वर्षी बॅटरी बदला आणि ब्लॉक हीटरला टायमर लावा, रिमोट पुढच्या वर्षी बसवा.